ओढ्याला दिलेली जागा

हस्ताचा पाऊस सोलापुरात शिरला की आधी आवाज बंद होतात. भवानी पेठेत आमच्या घराखाली टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. वीज गेली की ते एकदम थांबतात, आणि ज्या खडखडाटाकडे कानांनी कधीच लक्ष देणं सोडलेलं असतं, तो नाहीसा झाल्यावर ऐकू येतो. मग पत्र्यावरचा पाऊस तेवढा उरतो. खाली घरमालकीणबाई तेलुगूत कुणाला तरी सुताचे गठ्ठे वरच्या फळीवर ठेवायला सांगत असतात. गल्लीतल्या गटारीचं पाणी पायरीशी येऊन थांबतं आणि पुढे यावं की नाही याचा विचार करत असल्यासारखं तिथंच घुटमळतं.

मृगाच्या पावसाचं कौतुक दुसऱ्यांनी करावं. आमच्याकडे मृग बहुतेक वेळा ढग दाखवून निघून जातो. आमचा खरा पाऊस हा परतीचा. ज्वारीची पेरणी याच्या ओलीवर, पुढच्या उन्हाळ्याचं विहिरीतलं पाणी याच्यावर, आणि माणसांची तोंडं उतरलेली राहणार की उजळणार तेही याच्यावर. लहानपणी नवरात्रात घट बसले की आई खिडकीतून आभाळाकडे बघायची आणि आत जायची. तिची शेती नव्हती, नोकरदाराची बायको होती ती. पण या जिल्ह्यात आभाळाकडे बघण्यासाठी शेत असावं लागत नाही.

आता मी या पावसाकडे बघते तेव्हा मला तो एकच हंगाम आठवतो.

मी ग्रामसेवक आहे. पदाचं नाव मध्यंतरी बदललं, पण लोक जुनंच म्हणतात. तेव्हा माझं गाव वळसंगच्या पुढं, अक्कलकोट रस्ता सोडून आत गेल्यावर लागायचं. नाव सांगत नाही. गावात अर्ध्या घरांत कानडी, अर्ध्या घरांत मराठी, आणि भांडण असलं की दोन्ही. गावाच्या मधून एक ओढा गेलेला होता. 'होता' असंच म्हणायचं, कारण मी रुजू झाले तेव्हा तो ओढा आहे हे मला कुणीतरी सांगावं लागलं होतं. मला तो रस्ताच वाटला. ट्रॅक्टर त्यातून जायचे, पोरं त्यात क्रिकेट खेळायची, शनिवारी त्यात बाजार भरायचा. तळाच्या वाळूवर कांद्याची साल उडत असायची.

आणि त्याच ओढ्यात, बरोबर मध्ये, सांस्कृतिक भवन उभं होतं. पुढे मोठा हॉल, एका टोकाला स्टेज, मागच्या बाजूला एक खोली. त्या खोलीत अंगणवाडी. इमारतीखालून पाणी जायला सिमेंटचे दोन पाइप टाकलेले होते, त्यांत कुत्री झोपायची. दर्शनी भिंतीवर चंद्रशेखर अप्पांचं नाव. हे अप्पा म्हणजे आताच्या सरपंचांचे, मल्लिनाथ यांचे, वडील. मोठ्या दुष्काळात ते स्वतः सरपंच होते आणि दूरच्या तलावावरून गावात नळाचं पाणी त्यांनी आणलं होतं. त्याआधी बायका घागरी घेऊन शिवाराबाहेर जायच्या. अप्पा गेले तेव्हा गावानं आणि घरच्यांनी मिळून हे भवन बांधलं. ओढ्यात का बांधलं, असं मी एकदा विचारलं होतं. विचारणाऱ्याचीच कीव यावी अशा सुरात उत्तर मिळालं, की सरकारी मोकळी जागा तेवढीच होती, आणि ओढ्याला पाणी बघितलेलं माणूस गावात शोधावं लागेल.

त्यात कुणाची चूक काढता येत नाही. पाणी नाही हे इथं इतकं खात्रीचं होतं, की आमचं सगळं नियोजन त्यावरच बांधलेलं असायचं. गावचा आराखडा करायला बसलो की आधी टँकर, मग बंधारा, मग शेततळं, मग हातपंपाची दुरुस्ती. तहान ही एकच गोष्ट आमच्या कागदांना ठाऊक होती.

त्या वर्षी पावसानं जून कोरडा घालवला. जुलैत भुरभुर झाली, तुरी उगवल्या, आणि मग श्रावणभर ऊन. श्रावणातलं ते ऊन मला अजून त्वचेवर आठवतं. उन्हाळ्यासारखं कोरडं नाही, तर दमट, अंगाला चिकटणारं. तुरीची पानं दुपारी मिटायची आणि संध्याकाळीही उघडायची नाहीत. म्हातारी माणसं नक्षत्रांची नावं घेत बसायची, मघा गेली, पूर्वा गेली, जणू एकेक पाहुणा दारावरून न थांबता गेला. भर पावसाळ्यात मी टँकरच्या मागणीचा प्रस्ताव तयार करत होते.

तो प्रस्ताव टेबलावर असतानाच हस्ताचा पाऊस आला. एका दुपारी लागला आणि थांबलाच नाही. सगळ्यांना आनंद झाला होता, मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर चालवत गावात आले तेव्हा काळ्या रानातून वाफेसारखा वास येत होता आणि चिखलानं चाकं जाम झाली होती. माणसं ओट्यांवर बसून नुसती पावसाकडे बघत होती. ओढ्यात घोट्याएवढं गढूळ पाणी आलं होतं, आणि लोक ते बघायला आले होते, मोबाइलवर फोटो काढत होते. दोन पाइपांमधून ते पाणी बऱ्यापैकी जात होतं. मी ऑफिसात जाऊन बसले. ऑफिस भवनाच्या समोर, थोडं उंचावर.

दुपारी अंगणवाडीत मुलं खिचडी खात असताना वरच्या बाजूला कुणाचा तरी मातीचा बंधारा फुटला. आम्हाला ते नंतर कळलं. तेव्हा फक्त ऐकू आला अंगणवाडी सेविका महानंदाताईंचा आवाज. एरवी मुलांशी मराठीत बोलणारी ही बाई कानडीत ओरडत होती, "नीर बंतु, नीर बंतु." पाणी आलं.

भवनाच्या पाठीमागं पाणी अडलं होतं. पाइपांच्या तोंडाशी कडबा, बाभळीच्या फांद्या, बाजारात पडलेलं प्लॅस्टिक येऊन बसलं आणि सगळी इमारतच धरणाच्या भिंतीसारखी झाली. मागच्या खोलीचं दार उचकटून पाणी आत शिरलं. महानंदाताईंनी मुलांना ओढत हॉलमध्ये आणलं आणि स्टेजवर चढवलं. पुढच्या पायऱ्यांवर गौरव्वा बसलेल्या होत्या. अप्पांच्या पत्नी, सरपंचांची आई. रोज दुपारी जेवण झाल्यावर त्या तिथं येऊन बसायच्या, नवऱ्याच्या नावाखाली. घरी परत जाण्याऐवजी त्या आत गेल्या आणि स्टेजवर जाऊन सगळ्यांत लहान दोघांना पोटाशी धरून बसल्या.

आम्ही रस्त्यापासून पायऱ्यांपर्यंत हाताला हात धरून उभे राहिलो. ट्रॅक्टरचा दोर बांधलेला होता. मुलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात येत होती. माझ्याकडे जी मुलगी आली तिनं खिचडीची ताटली घट्ट धरलेली होती, आणि ती कोरडी राहावी म्हणून हात उंच केला होता. तिचा भिजलेला फ्रॉक, अंगाची थरथर आणि माझ्या कानाला लागणारी ती स्टीलची थंड कड, हे सगळं अजून माझ्याजवळ आहे. कुणीही रडत नव्हतं. रडणं नंतर सुरू झालं, रस्त्यावर पोहोचल्यावर. गौरव्वा सगळ्यांत शेवटी, मल्लिनाथांच्या पाठीवर बसून बाहेर आल्या.

सगळी मुलं वाचली. गावानं त्या संध्याकाळी देवळात नारळ फोडले. पण भवनाच्या मागच्या गल्लीत कंबरेच्या वर पाणी चढलं होतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं नाही. तिथं रेहानाबी राहायच्या. ब्लाउज शिवून घर चालवणारी विधवा बाई. त्यांचं शिलाई मशीन, लोकांची शिवायला आलेली कापडं, वर्षाची ज्वारी, सगळं त्या पाण्यात बसलं. पुढं आठ-दहा दिवस गल्लीत गेलं की आंबूस वास यायचा. पोत्यातच ज्वारीला मोड आले होते, पांढरे, लांब, पोत्याच्या विणीतून बाहेर आलेले. एवढं दाट उगवलेलं पीक त्या वर्षी गावात दुसरीकडे कुठं दिसलं नाही. रानात वाफसाच आला नाही. जमीन इतकी ओली राहिली की पेरणीच करता येईना.

टँकरचा प्रस्ताव मी परत घेतला आणि पंचनामे सुरू केले. तेच टेबल होतं, आणि तेच पेनही.

दिवाळीनंतर पुढच्या वर्षीच्या आराखड्याची ग्रामसभा होती. भवनात गाळ भरलेला, म्हणून ती शाळेच्या मैदानात घेतली. पंचायत समितीतून आलेले अभियंते भले गृहस्थ होते. त्यांनी सुचवलं की भवनाला मागून दगडी संरक्षक भिंत बांधावी, जोतं उंच करावं, अंगणवाडी तिथंच राहू द्यावी. त्यासाठी निधी लगेच मिळण्यासारखा होता. सरपंचांनी मान डोलावली. लोकांनीही. भिंत सगळ्यांनाच पटते. ती उभी राहिली की काहीतरी झाल्यासारखं दिसतं. मी एवढंच विचारलं, की भिंतीला लागून पाणी वळेल ते कुठं जाईल. अभियंत्यांनी नकाशाकडे बघितलं. नकाशात ओढा होता, गल्ली नव्हती.

मग बायकांच्या बाजूनं रेहानाबी उभ्या राहिल्या. मी त्यांना ग्रामसभेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"पानी कशानं थांबलं ते सगळ्यांनी बगितलंय," त्या म्हणाल्या. "मी नाव घेत न्हाय. मला बी अप्पांच्या नळाचंच पानी हाय घरात. पन आता भित बांधली तर पुढल्या बारीला माजं घर ऱ्हानार न्हाय, एवढं लिवून घ्या."

त्या खाली बसल्या. आवाज चढवला नव्हता. सरपंचांनी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मल्लिनाथ हे शांत गृहस्थ. बियाणं आणि खतांचं दुकान, बोलणं मोजकं. त्या सभेनंतर काही दिवस ते ऑफिसात आले नाहीत. एका सकाळी आले आणि म्हणाले, मॅडम, जरा वर जाऊन येऊ. आम्ही ओढ्यातून वरच्या बाजूला चालत गेलो. थंडी पडायला लागली होती, वाळूवर दव होतं. गावाबाहेर गेल्यावर ओढा रुंद होत जातो. दोन्ही काठांच्या बाभळींवर, माझ्या डोक्याच्या वर, कडबा आणि चिंध्या अडकलेल्या होत्या. पाणी तिथपर्यंत आलं होतं. मल्लिनाथ एका बाभळीखाली उभे राहून वर बघत राहिले. मग मागं वळून गावाकडे बघितलं. तिथून ओढ्याचं सगळं रुंद पात्र दिसत होतं आणि त्याच्या तोंडाला बूच बसवल्यासारखं भवन.

"अप्पानं गावात पानी आनलं," ते म्हणाले. "आन त्याच्याच नावानं आमी पानी आडवून ठिवलंय."

परत येताना त्यांनी मला विचारलं की पाडायचं झालं तर कागदावर कसं घ्यायचं.

हा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. विकास आराखड्यात बांधकामाला जागा असते, दुरुस्तीला असते, सुशोभीकरणाला तर हमखास असते. चांगली उभी असलेली इमारत गावानं आपण होऊन काढून टाकायची, याला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. तालुक्याला गेले तर साहेबांनी मला दोनदा विचारलं, पाडायची म्हणजे दुसरी बांधायला का? मी म्हणाले, नाही, ओढ्याला द्यायची. ते हसले. वाईट हेतूनं नव्हे. त्यांनाही हे नवीन होतं. अखेर निर्लेखनाचा, म्हणजे इमारत दप्तरातून कमी करून पाडण्याचा, प्रस्ताव वेगळा झाला, आणि बाकीचं ओढा रुंदीकरणाखाली बसवलं. अंगणवाडी वरच्या माळावर न्यायचं ठरलं, तर आयांनी हरकत घेतली की माळावर उन्हाळ्यात लाही होते, पोरं भाजतील. त्यांचंही खरं होतं. पाण्यापासून वाचवून उन्हात टाकण्यात अर्थ नव्हता. मग रुंद व्हरांडा आला, पत्र्याऐवजी जाड छत आलं, वाटेच्या दोन्ही बाजूंना लिंब आणि करंज लावायचं ठरलं आणि ती जगवायची जबाबदारी बचत गटानं घेतली. यातलं काहीही उद्घाटनाच्या फोटोत छान दिसणारं नव्हतं.

ग्रामसभेत ठराव मंजूर झाला. विरोधात एकही हात वर झाला नाही. एक हात मात्र वर होऊ शकत नव्हता, कारण ती बाई सभेला आलीच नव्हती.

गौरव्वांनी मुलाशी बोलणं सोडलं होतं. "त्या पाण्यात मी बसले होते, मला ठाऊक आहे पाणी काय असतं, पण भवन पाडून पाणी थांबत नाही," असं त्या शेजारणींना म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. जेसीबी आला त्या दिवशी सकाळच्याच एसटीनं त्या मोडनिंबला, लेकीकडे निघून गेल्या. मल्लिनाथ त्यांना सोडायला थांब्यापर्यंत गेले आणि काही अंतर ठेवून उभे राहिले. एसटी गेल्यावर ते सरळ ओढ्याकडे आले. नावाची फरशी त्यांनी आधीच स्वतःच्या हातानं काढून घरी नेली होती. पाडणं संध्याकाळपर्यंत चाललं. बघायला गाव जमलं होतं; पण पाडापाडीला एरवी असतो तसला गलका नव्हता. स्टेज सगळ्यांत शेवटी गेलं. मुलांना जिथं बसवलं होतं ते स्टेज. महानंदाताई तेवढ्यापुरत्या आल्या, बघून परत गेल्या.

नंतर काही दिवस गाव मोकळं मोकळं वाटायचं, दात पडल्यावर जीभ तिथंच जावी तशी नजर त्या रिकाम्या जागेकडे जायची.

संक्रांतीला गौरव्वा आल्या. मी तिळगूळ द्यायला सरपंचांच्या घरी गेले होते. त्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेल्या. मल्लिनाथ आत होते. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी हात डोक्यावर ठेवला, आणि तसाच ठेवून म्हणाल्या, "वड्याला जागा दिलीसा मॅडम, बरं केलंसा. माज्या मानसाला कुटं देनार?"

नव्या अंगणवाडीला अप्पांचं नाव देण्याचं ठरतंय, असं मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी हात काढून घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "परत कुनीतरी पाडंल."

आत मल्लिनाथांनी हे ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत. गौरव्वांनी माझ्या हातातला तिळगूळ घेतला, तोंडात टाकला आणि माझ्या घरच्यांची चौकशी करू लागल्या. त्या पुन्हा मोडनिंबला गेल्या. आता वर्षातला निम्मा काळ तिकडं, निम्मा इकडं असतात, असं ऐकते. मुलाशी बोलतात, कामापुरतं. नव्या इमारतीवर कुणाचंच नाव नाही.

हवामान बदलतंय यावर आम्हाला प्रशिक्षणं झाली, सोलापुरात, एसी हॉलमध्ये. पडद्यावर लाल-निळे नकाशे असायचे. ते खरेच असतील. पण ऊन किती वाढणार, पाऊस कसा कोसळणार याचा हिशेब मांडणाऱ्यांना एक गोष्ट नकाशात दाखवता येत नाही. गावाला नवीन काही बांधायचं असतं तेव्हा सगळे एकत्र येतात. काही सोडायचं असतं तेव्हा कुणा एकाच्या घरातून एक माणूस उठून एसटीत बसतं. ते योग्य की अयोग्य, मी सांगू शकत नाही. भवन पाडायला हवं होतं, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. आणि गौरव्वांचा हात डोक्यावरून निघाला ते जाणवणंही तसंच्या तसं आहे. दोन्ही एकाच वेळी मनात राहतात, एकमेकांना धक्का न लावता.

यंदा पुन्हा तसाच हंगाम आला. श्रावण कोरडा, आणि आता हा हस्त. माझी बदली झाली आहे, दुसरं गाव आहे, मोहोळच्या बाजूला. आज रस्ते बंद म्हणून मी घरीच. सकाळपासून माग बंद आहेत आणि पावसाची धार तुटलेली नाही. वळसंगकडं काल संध्याकाळपासून लागलाय असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. आपलं गाव नाही आता, विचारायचा संबंध काय, असंही वाटत होतं.

दुपारी न राहवून महानंदाताईंना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला, आणि मागं एवढा गोंगाट होता की मी घाबरले. ताटल्या आपटत होत्या, कुणीतरी गाणं म्हणत होतं, कुणीतरी कुणाची तरी तक्रार करत होतं. मी विचारलं, ओढ्याला पाणी आहे का, किती आहे, कुठंपर्यंत आलंय.

"आसंल की, मी कुटं बगायला गेले," महानंदाताई म्हणाल्या. "पोरं जेवायला बसल्यात मॅडम, मागनं बोलते."

आणि त्यांनी फोन ठेवला.